मूर्ती आवडते की तिच्यावरचा थर?

(पत्र थोडं आटोपतं घेऊन देते आहे.)

"काकू, मी पंचवीस वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी बडोद्याच्या एम.एस. विद्यापीठातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. तेव्हापासून पादरा रोडवरच्या एका औषध कंपनीत क्यू.सी.त, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. हातात २६,००० येतात. आठवड्याआड नाईट असते. पुढे शिकायचंच हे ठरलंय, पण काय ते ठरत नाही. कंपनीतले निम्मे लोक ऑनलाइन एम.बी.ए. करतायत, फी पावणेदोन लाख. पुण्याचा मामा म्हणतो, ऑनलाइनला कोण विचारतं, इथे ये, पूर्णवेळ एम.बी.ए. कर, दहा लाखांचं कर्ज काढू. कॉलेजचे सर म्हणतात, ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. कर. आणि हसू नका, पण मला म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र करावंसं वाटतं. सुटीच्या दिवशी मी कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये जातो आणि अकोट्याला सापडलेल्या जुन्या ब्राँझच्या मूर्तींवरचा हिरवा थर बघत उभा राहतो. तो कशाचा असेल, वाढतोय की थांबलाय, हेच डोक्यात चालू असतं. आई म्हणते, एम.बी.ए. लिहिलं की स्थळं बरी येतात. बाबा रिफायनरीतून निवृत्त झालेत, धाकटी बहीण बारावीत आहे. माझ्या ध्येयाला यातला कुठला कोर्स बसेल?
– डांडिया बाजारातला क्यू.सी.वाला"

अरे, हसले नाही. उलट तुझं ते मूर्तींचं वाक्य दोनदा वाचलं आणि एका मैत्रिणीला फोन लावून वाचून दाखवलं. तिनं काय विचारलं ते पुढे सांगते.

आधी एक हिशेब. तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे कागद हातात आला की मोजायची खोड जात नाही. चार पानांत 'नाईट' हा शब्द नऊ वेळा आला आहे. 'केमिस्ट्री' दोनदा, आणि दोन्ही वेळा प्रेमानं. 'ध्येय' एकदाच, अगदी शेवटच्या ओळीत, सही करता करता आठवल्यासारखं.

म्हणून पहिला प्रश्न मी तुला विचारते. समज, सोमवारी साहेबांनी बोलावून सांगितलं की आजपासून तुला कायम जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच. तरीही तुला पुढे शिकायचं आहे का? घाईनं उत्तर देऊ नकोस. नाईट करून आलेल्या माणसाला सकाळी सात वाजता जग सोडून कुठेही जावंसं वाटतं, अगदी एम.बी.ए.लासुद्धा. शिफ्टचा वैताग असेल तर त्याला शिफ्टवरचाच उपाय हवा. कंपनी बदल, विभाग बदल, डॉक्युमेंटेशनकडे जाता येतं का बघ. त्यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये घालायचं कारण नाही. मी माझ्या टेबलावर असे किती तरी जण पाहिले. रावपुऱ्यातल्या शाखेत सहा वर्षं शैक्षणिक कर्जं माझ्याकडे होती. "कोर्स का करतोयस?" असं विचारलं की आधी ठरलेली उत्तरं यायची आणि चहा झाल्यावर खरं उत्तर यायचं: "मॅडम, तिथला बॉस सहन होत नाही."

पण तुझ्या पत्रात ते मूर्तींचं वाक्य आहे, आणि ते नाईटच्या वैतागातून आलेलं नाही. म्हणून हे पुढचं लिहिते.

माझी एक वर्गमैत्रीण. तिनं अख्खी नोकरी एका म्युझियमच्या लॅबमध्ये केली. तुझं वाक्य ऐकून ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "त्याला विचार, मूर्ती आवडते की तिच्यावरचा थर?"

मला आधी कळलं नाही. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. अकोट्याच्या त्या जैन मूर्ती १९५१च्या सुमारास सापडल्या. लोक त्यांच्यासमोर उभे राहतात तेव्हा एक जण विचारतो, ही कोणाची, कुठल्या शतकातली, डोळे असे का घडवले? त्याला कलेचा इतिहास शिकवावा. दुसरा विचारतो, ही या कोपऱ्यात का ठेवलीय, पाटी वाचता का येत नाही, शाळेची पोरं आली तर त्यांना काय सांगणार? तो म्युझिऑलॉजीचा. आणि तिसरा विचारतो, हा हिरवा थर कशाचा आणि तो वाढतोय का? "तिसरा," ती म्हणाली, "केमिस्ट आहे. त्याला सांग, तू आधीच केमिस्ट आहेस."

मग तिनं मला फोनवर अर्धा तास ब्राँझ शिकवलं. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असेल तर काळजीचं कारण नाही, तो धातूचं एक प्रकारे रक्षणच करतो. पण फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी सुटत असेल तर तो रोग. त्याला ब्राँझ डिसीजच म्हणतात. शेकडो वर्षं जमिनीत राहून धातूत क्लोराइड मुरलेलं असतं. त्याला हवेतला दमटपणा मिळाला की ते तांब्याला खात सुटतं. भुकटी पुसली तरी पुन्हा येते, कारण खोड आत असते. मग मूर्ती क्षारांच्या द्रावणात भिजवून ते क्लोराइड बाहेर काढायचं, पुढे बेंझोट्रायाझोल देऊन धातू शांत करायचा आणि कपाटातली हवा कोरडी ठेवायची. क्लोराइड निघालं की नाही हे कसं बघतात ठाऊक आहे? धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून. पाणी दुधाळ झालं की अजून आहे.

ती हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे तू होतास, रात्री अडीच वाजता नेसलरच्या काचेच्या नळ्या काळ्या कागदावर धरून क्लोराइडची लिमिट टेस्ट करणारा, म्हणजे ते मर्यादेत आहे का बघणारा. तीच बाटली, तेच रिएजंट. नमुना तेवढा दीड हजार वर्षं जुना.

आता म्युझिऑलॉजीबद्दल स्पष्ट बोलते, कारण त्यावर तुझा जीव दिसतो. एम.एस.चा तो विभाग साधासुधा नाही. १९५२ साली सुरू झाला, देशातला पहिला. आपल्या गावाला त्याचा अभिमान असायला हवा आणि खरं सांगायचं तर निम्म्या गावाला तो आहे हेच ठाऊक नाही. पण तिथं शिकवतात ते म्युझियम चालवण्याचं शास्त्र: वस्तूंची नोंद कशी ठेवायची, मांडणी, भांडार, प्रकाश, येणाऱ्यांना शिकवणं, कारभार. संवर्धन त्यात आहे, पण अनेक विषयांपैकी एक म्हणून. तुला दिवसातले सहा तास नोंदवह्या, पाट्या आणि प्रदर्शनाच्या आराखड्यांत घालवायला आवडतील का? आवडत असतील तर जरूर जा, तोही मोठा मानाचा उद्योग आहे. पण तुझ्या चार पानांत पाटीबद्दल एक शब्द नाही, मांडणीबद्दल नाही, शेजारी बघायला आलेल्या माणसांबद्दलही नाही. सगळं लक्ष थरावर.

आणि इथे एक गंमत आहे, ती तुझ्या सरांनाही सांग. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासून आहे. तिचं मुख्यालय देहरादूनला. लेण्यांतली चित्रं, देवळांचे दगड, धातूच्या वस्तू यांच्यावर रासायनिक उपचार करणं हे तिचं काम. तिथल्या पुरातत्त्व-रसायनज्ञाच्या पदांना मागतात ती रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. लखनौला १९७६ पासून खास याच कामासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, ती संवर्धनाचं प्रशिक्षणही देते. म्हणजे तू म्युझियमच्या ज्या खोलीत शिरायला बघतोयस, तिचा रस्ता केमिस्ट्री विभागातूनच जातो. सर म्हणाले ते बरोबर निघालं, फक्त कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

तेही ऑरगॅनिकचं सोडून. ते ऑरगॅनिक म्हणतात कारण औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात नवे रेणू जुळवणारी माणसं लागतात. थर बघणाऱ्यानं ॲनॅलिटिकल किंवा इनऑरगॅनिककडे झुकावं असं मला वाटतं. ॲनॅलिटिकलवाल्याला औषध कंपन्यांतही मागणी असते, त्यामुळे उद्या म्युझियमचं जमलं नाही तरी पोळीवर तूप राहील. सरकारी जागा थोड्या असतात आणि जाहिराती वर्षावर्षांच्या अंतरानं निघतात, हे डोळे उघडे ठेवून मान्य कर.

जाहिरातींवरून आठवलं. कोर्सची माहितीपत्रकं वाचणं आजपासून बंद कर आणि नोकरीच्या जाहिराती वाच. उलट्या टोकाकडून ये. पस्तिसाव्या वर्षी ज्या खुर्चीत बसावंसं वाटतं, तशा वीस खुर्च्यांच्या जाहिराती जमव, जुन्या असल्या तरी चालतील. वहीत रकाने आख: पद, मागितलेली पदवी, अनुभव, पगार. पाचसहा जाहिराती झाल्या की तुझं तुलाच दिसायला लागेल. तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घे. एम.फार्म. करावं का, असं तू तिसऱ्या पानावर जाता जाता विचारलं आहेस. त्याला बी.फार्म. लागतं, बी.एस्सी. चालत नाही. विषय संपला. आणि गुजरातेतल्या क्यू.सी.च्या जाहिराती बघ, 'एफडीसीए अप्रूव्हड केमिस्ट', म्हणजे राज्याच्या औषध प्रशासनानं मान्यता दिलेला केमिस्ट, हे किती ठिकाणी छापलेलं असतं ते मोज. तुझं एचपीएलसीचं, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या त्या यंत्राचं, अप्रूव्हल झालं आहे का? पत्रात लिहिलं नाहीस. झालं नसेल तर नोकरी सोडायच्या आधी ते पदरात पाडून घे. त्याला फी पावणेदोन लाख पडत नाही, आणि परत यायची वेळ आली तर तेच दार उघडेल.

आता एम.बी.ए. आधी ऑनलाइनचं. मामांना सांग की २०२२ साली यूजीसीनं स्पष्ट केलं आहे: मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. त्यामुळे 'कोण विचारतं' हे तितकंसं खरं नाही. पण मान्यता नुसती विद्यापीठाला असून भागत नाही. तो ठरावीक अभ्यासक्रम, त्या ठरावीक प्रवेशसत्रासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते स्वतः उघडून बघायचं. फोनवरची ती गोड आवाजाची 'काउन्सेलर' सांगते म्हणून मानायचं नाही. आज रात्री बारापर्यंतच सवलत, असं ती सांगते ना? माझ्या भाच्याला तीच 'आजची' सवलत अडीच महिने मिळत होती.

बरं, पदवी खरी आहे असं धरू. तिचं करणार काय? हाताखाली आठदहा माणसं आली, बजेट आलं, ऑडिटच्या आदल्या रात्री कोणाला काय करायला लावायचं हे ठरवायची वेळ आली, की एम.बी.ए.तलं अर्धंअधिक उपयोगी पडतं. तू आज स्वतःच्या यंत्राची, त्यातल्या कॉलमची आणि मोबाइल फेजची काळजी वाहतोस. तुझे सहकारी करतात म्हणून करायचं तर ते भिशीत नाव घालण्यासारखं झालं. आणि एम.एस्सी. नि ऑनलाइन एम.बी.ए. दोन्ही एकदम करू का, असंही तू विचारलंस. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी आहे खरी. पण प्रॅक्टिकलची जर्नलं लिहून रात्री 'मार्केटिंग मॅनेजमेंट' ऐकणार? तू नाईटलाच कंटाळला आहेस ना रे?

मामांचे दहा लाख मात्र मी तुला आकड्यांत घालून देते. दहा टक्के व्याज, सात वर्षं, हप्ता पडतो साधारण १६,६००. आणि हा हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर वर्षभरानं, तोपर्यंतच्या काळातही व्याज चढतच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून मोठा. आज तुझ्या हातात २६,००० येतात. म्हणजे नुसतं कर्ज अंगावर न येण्यासाठी सुरुवातीचा पगार निदान चाळीसपंचेचाळीसच्या घरात हवा, तोही पुण्यात खोलीभाडं देऊन. २०२४च्या नोव्हेंबरपासून पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलतही. पण ती ठरावीक, वरच्या दर्जाच्या संस्थांनाच आहे. मामांची संस्था त्या यादीत आहे का, एवढं एक विचार. नसेल तर त्यातूनही बरंच कळतं.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, तुझ्याएवढाच, मांडवीजवळ राहणारा. हातात एका खाजगी मॅनेजमेंट कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक, शेवटच्या पानावर टाय घातलेल्या मुलांचे फोटो आणि खाली पगारांचे आकडे. कागदपत्रं चोख होती, कर्ज मंजूर झालं, सही माझी. साडेतीन वर्षांनी तोच मुलगा हप्ता पुढे ढकलून मागायला आला. ज्या पगारांचे फोटो छापले होते ते पाच जण होते आणि बॅच होती एकशेवीसची. मी तेव्हा बाकीच्या एकशेपंधरांचं काय झालं हे विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. पण मला ते अजून टोचतं.

तू मात्र विचारू शकतोस, कारण तुझा धंदाच तो आहे. कंपनीत शंभर ड्रम कच्चा माल आला, सोबत पुरवठादाराचं सी.ओ.ए., म्हणजे त्याचाच तपासणीचा दाखला आला, सगळे आकडे मर्यादेत. तू तो कागद बघून माल आत घेतोस का? नाही. 'अंडर टेस्ट'चं पिवळं लेबल लावून बाजूला ठेवतोस, वर्गमूळ अधिक एक या हिशेबानं अकरा ड्रम उघडतोस, आणि कुठले उघडायचे ते तू ठरवतोस, पुरवठादार नाही. कॉलेजचं माहितीपत्रक म्हणजे पुरवठादाराचं सी.ओ.ए. त्यात टॉपरनं फोटोत हसायचं असतं. तू मधले ड्रम उघड. मागच्या दोन बॅचमधले, पंचावन्न-साठ टक्केवाले, पाचसहा जण शोध. सध्या काय करता, पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली, कॉलेजमुळे लागली की मावसभावामुळे, एवढं विचार. गुणवान मुलगा कुठेही तरतो, त्याच्यावरून कोर्सची परीक्षा होत नाही.

आणि लॅब बघायला जा. एम.एस. असो की आणखी कुठलं विद्यापीठ, नुसत्या नावावर जाऊ नकोस. तुझ्याइतक्या जाणत्या नजरेनं कॉलेजची लॅब बघणारा पालक मी आजवर पाहिलेला नाही. यंत्रावर कव्हर घातलेलं आहे का? कॅलिब्रेशनचं स्टिकर कधीचं? लॉगबुक टेबलावर असेल तर शेवटची नोंद बघ, आणि त्या नोंदीत विद्यार्थ्यांची नावं आहेत की फक्त मास्तरांची. एचपीएलसी आहे पण विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत, असं कळलं तर ते नाही असं समज. वर्गात कोणते सर चांगलं शिकवतात हे कँटीनमध्ये कळतं, त्यासाठी नॅकचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा दर्जा बघावा लागत नाही. नॅक बघूच नकोस असं नाही, पण तो अख्ख्या विद्यापीठाला मिळालेला असतो, तुझ्या त्या एका लॅबला नव्हे.

इथलं न आवडलं तर आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा आहे, फेब्रुवारीत होते, अर्ज त्याच्या काही महिने आधी निघतात. गांधीनगरची आयआयटी तर घरापासून फार लांबही नाही. चार वर्षं पुस्तक हातात नव्हतं, ही धाकधूक असेलच. नाईटमध्ये यंत्रावर रन चालू असताना मधली चाळीस मिनिटं कोणी तुझ्या डोक्यात बघत नाही, एवढंच सुचवते. इथल्या प्रवेशाचा अर्ज आता जीकॅस या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून भरावा लागतो, निकालांच्या दिवसांत ते सगळं घाईत होतं, तेव्हा मार्कलिस्टा वगैरे आत्ताच एका पिशवीत घालून ठेव. तू तीन वर्षांची बी.एस्सी. केलीस, त्यामुळे तुला एम.एस्सी.ची दोन वर्षं धरावी लागतील. चार वर्षांच्या नव्या पदवीवाल्यांना एक वर्ष, त्यांच्याशी तुलना करून हळहळू नकोस.

खर्चाचं एक राहिलं. सगळे फीचा आकडा विचारतात. बँकेत आम्हाला दिसायचा दुसरा आकडा, जो कोणीच लिहून आणत नसे: न मिळालेला पगार. २६,००० गुणिले चोवीस महिने म्हणजे ६,२४,०००. एम.एस.सारख्या सरकारी विद्यापीठात फी यापुढे किरकोळ वाटेल. हे सव्वासहा लाख तुझ्या एम.एस्सी.ची खरी किंमत आहेत आणि ती घरानं मिळून भरायची आहे. बाबांचं पेन्शन किती, तुझ्यावाचून घर चालतं का, बहिणीच्या पहिल्या वर्षाची फी कुठून, हे त्यांच्याशी बसून बोल. दोघांचं शिक्षण एकाच जूनमध्ये सुरू होत असेल आणि ओढाताण दिसत असेल तर तू एक वर्ष थांब. त्या वर्षात अप्रूव्हल मिळव, जॅम दे, लाखभर बाजूला टाक. सव्विसाव्या वर्षी वर्गात बसायला लाज वाटायचं कारण नाही. मी एक्केचाळिसाव्या वर्षी एक्स्टर्नल एम.ए. केलं, मराठीत, निव्वळ हौस म्हणून. बढती मला सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेनं दिली होती. एम.ए.नं काय दिलं ते विचारशील तर हे सदर दिलं. दोन्हींची कारणं वेगळी होती आणि ती मला आधीपासून ठाऊक होती, म्हणून एकाचाही पश्चात्ताप झाला नाही.

आईचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. तिला एम.बी.ए. हवं आहे ते स्थळांसाठी नाही, चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी हवं आहे. 'मुलगा मूर्तीवरचा गंज बघायला शिकतो' हे तिनं हळदीकुंकवाला कसं सांगायचं? तिला एक गोष्ट सांग. आपल्या बडोद्यात त्रिभुवनदास गज्जर नावाचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते त्यांच्या हाती दिलं. पुढे १९०७ साली अलेंबिक उभी राहिली तीही गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या पुढाकारानं. म्हणजे तुझ्या धंद्याचे ते आजोबाच. या गज्जरांचं नाव मुंबईभर झालं ते कशामुळे? दामोदर चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. भल्याभल्यांना ते निघेना. ते काढलं आपल्या गज्जरांनी. राणीबद्दल तुला-मला काही वाटण्याचं कारण नाही, डांबर फासणारा आपला आणि काढणाराही आपलाच. पण दगडाला धक्का न लावता वरचा थर तेवढा उतरवायचा, हे काम बडोद्याच्या केमिस्टनं सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. आईला हे नक्की सांगता येईल.

आता लगेच काय करायचं. पुढच्या सुटीला म्युझियममध्ये गेलास की मूर्तीसमोर उभा राहू नकोस, ऑफिसात जा. तुमची लॅब बघायला मिळेल का, महिन्यातले दोन दिवस फुकट हाताखाली काम करू का, असं विचार. नाही म्हटलं तर म्युझिऑलॉजी विभागात जाऊन विचार, तिथल्या पोरांबरोबर चहा पी, त्यांचा आठवड्याचा वेळापत्रकाचा कागद बघ. कुठेतरी तुला एखाद्या टेबलापाशी बसू देतील. तिथलं काम अतिशय सावकाश चालतं असं मैत्रीण म्हणाली. कापसाच्या बोळ्यानं एका तळहाताएवढा भाग साफ करायला कधी कधी अख्खी दुपार जाते. तुला ते बघताना जांभया आल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस, फार पैसे वाचले असं समज. आणि घड्याळाकडे बघायचं विसरलास तर मला कळव.

जाहिरातींची वही भरली की पुन्हा लिही. या खेपेला पत्रात 'नाईट' किती वेळा येतं ते मी मोजणारच आहे.

– तुझी काकू, कारेलीबाग